कचेरीसमोरची ओसरी आणि माझा अंगठा

९ जानेवारी, गुरुवार

मुक्ता म्हणते, आजी तू बोल, मी लिहिते. माझ्या धाकट्या लेकाची पोरगी. अमरावतीला इमारती काढायचं शिकते. बांधायचं नव्हे, काढायचं. कागदावर. शेवटच्या वर्षाला एक जुनी इमारत घ्यावी लागते, तर हिने आमच्या गावची कचेरी, म्हणजे जुनं कोर्ट, घेतली. महिनाभर माझ्याकडे मुक्काम. जुन्या आठवणी लिहून ठेव, असं हिला कोणी मास्तरांनी सांगितलं आहे. मला अक्षर येत नाही. म्हणून तोंड माझं, हात तिचा.

माझी अट एकच. पान झालं की वाचून दाखवायचं, मग मी अंगठा लावणार. मुक्ताचे आबा, माझे मालक, कोर्टासमोर बसून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत. "वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही," हा त्यांचा नेम. दोनदा वाचत. दुसऱ्यांदा हळू. मागे दहा माणसं खोळंबली असली तरी.

आत्ताच वाचून दाखवलं तेव्हा कळलं, मी 'मले' म्हणते तिथे पोरगी 'मला' लिहिते. म्हटलं, असू दे. अर्जनवीस पक्षकाराच्या बोलण्याला इस्त्री करतोच.

पानाखाली 'वा. दा.' लिहायचं ठरलं. वाचून दाखवलं. शाई हिने निळी आणली आहे. कोर्टाची काळी असते. चालेल.

वा. दा. अंगठा.

११ जाने., शनिवार

आज कचेरी मोजली. मुक्ता फीत धरते, मी खुर्चीवर बसून चुका काढते.

दिवाळीपासून कोर्ट बायपासवरच्या नव्या इमारतीत गेलं. ती काचेची आहे. आत कोण बसलं ते दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. जुनीला कुलूप. तहसिलातून चावी आणली.

मुक्ता म्हणाली, बघ आजी, पायऱ्या डावीकडेच किती झिजल्या. म्हटलं, उजवीकडे पोलीस उभा राही. दीडशे वर्षं माणसं अंग चोरून चढली, दगडाला कळणार नाही?

व्हरांड्याला सात कमानी. मधली मोठी. तिथे उभा राहून चपराशी नावाचा पुकारा करी, तीनदा. कमान अशी की आवाज थेट बाजारापर्यंत जाई. लोक भाजी घेता घेता आपली तारीख ऐकत.

आत जज्जसाहेबाच्या खुर्चीमागे पूर्वेची खिडकी. मुक्ता म्हणते, उजेडासाठी. म्हटलं, बाई, सकाळी साहेबाचं तोंडच दिसत नसे. नुसता उजेड. पिंजऱ्यातल्याला वाटे, देव बसला आहे. खरं तोंडातून निघावं म्हणून केलेलं काम ते. तिने ते वेगळ्या कागदावर लिहून घेतलं.

कोठडीचं दार इतकं ठेंगणं की मोठ्यातला मोठा दरोडेखोर आत जाताना नमस्कार करून जाई.

छताला पंखा ओढायच्या कड्या अजून आहेत. दोर नाही, ओढणारा नाही. छपराचे कवेलू बरेच फुटले. पण भिंत बघावी. काळा दगड, हातभर जाड, मे महिन्यात आत गेलं की माठात शिरल्यासारखं.

ही इमारत राहणार. 'वारसा' म्हणून तिचं नाव यादीत गेलं आहे. जायची आहे ती समोरची ओसरी. रस्त्याच्या या अंगाला, पाच खणांची, दगडी जोतं, सागाचे खांब. तिथे अर्जनवीस बसत. आबांचा दुसरा खण. ती पाडून गाड्या लावायची जागा आणि भिंत करायची म्हणतात. काहून, तर ओसरीचा कागद नाही. कोणी बांधली, कधी बांधली, कुठेच नोंद नाही. साऱ्या तालुक्याचे कागद जिच्यावर बसून झाले, तिचाच कागद नाही.

आता तिथे एकटे वामनराव बसतात, त्यांच्या टाइपरायटरसोबत. मी रोज दुपारी जाऊन आबांच्या खणात बसते. ऊन चांगलं येतं. दुसरं कारण विचारू नये.

वा. दा. अंगठा.

१४ जाने., मंगळवार. संक्रांत

हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही, त्यामुळे दुपार मोकळी. ओसरीवर तीळगूळ घेऊन गेलो. वामनरावांचे दात तीनच उरले आहेत. म्हणाले, "वहिनी, गोड बोलाचं कबूल, पन हे चावाचं कसं?" म्हटलं, "मुरवा. तुमचे अर्ज मुरत होते तसे."

मुक्ता सकाळपासून तोंड पाडून. तिने ओसरीसाठी अर्ज करायचा ठरवलं आहे. वारशाची समिती तीस तारखेला येणार आहे, त्याआधी. ओसरी कोर्टाबरोबरची आहे असं दाखवता आलं तर दोन्ही मिळून एकच आवार होतं, म्हणते, मग पाडता येत नाही. पण दाखवणार कसं?

तेव्हा मी तिला मासोळी दाखवली.

कोर्टाच्या जोत्याला खाली, हाताच्या पंजाएवढ्या खुणा आहेत. पाथरवटांच्या. कोणाचा त्रिशूळ, कोणाचे तीन ठिपके, कोणाची मासोळी. ज्याने दगड घडवला त्याने आपली खूण टाकली. शिकलेली माणसं वर पाटी वाचतात, खाली कोण बघतो? मला वाचायला दुसरं काय होतं? आबांचा डबा घेऊन जाई, गिऱ्हाईक संपेपर्यंत बसून भिंती वाची. आणि तीच मासोळी ओसरीच्या जोत्यालाही आहे. चार ठिकाणी.

मुक्ताने जमिनीवर पालथी पडून पाहिलं. भर रस्त्यात. उठली ती थेट माझ्या गळ्यात.

"आजी! म्हणजे दोन्ही दगड एकाच पाथरवटाचे?"

"एकाचेच."

"तू आधी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं काहून नाही?"

वामनराव म्हणाले, "वहिनी वकील व्हाच्या होत्या."

मग हिने तिसरा खांब पाहिला, आबांच्या खणाचा. कमरेपासून छातीपर्यंत काळा कुळकुळीत. विचारते, आजी, हा जळला होता का? म्हटलं, नाही गं. अंगठे ते. अर्जावर अंगठा लावला की पुरुष शाई डोक्याला पुसत, केसात. बाया काय करणार? केसाला लावत नाहीत, लुगड्याला लावायची नाही. खांबाला पुसत. तो बायांचा खांब आहे. माझाही अंगठा आहे त्यात.

कधीचा, म्हणाली. म्हटलं, माहेरच्या शेताचा. बाप गेल्यावर भावांनी हक्कसोडाचा कागद आणला, बहिणीचा हिस्सा सोडल्याचा. दोघे भाऊ घाईत, परतवाड्याची मोटार पकडायची होती. "बाईचं काय वाचून दाखवता, घरचीच तर आहे." आबांनी ऐकलं नाही. मला समोर बसवलं, परक्या बाईला बसवावं तसं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बाई, समजलं का?" माझा नवरा मला 'बाई' म्हणाला, सगळ्या ओसरीसमोर. मी म्हटलं, "समजलं." समजलंच होतं. सोडलं ते समजून सोडलं.

मग खांबाला पुसलं.

वा. दा. अंगठा.

१६ जाने., गुरुवार

मुक्ता बाराच्या गाडीने अमरावतीला गेली. जाण्याआधी धावपळ. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. "आजी, तुझं निवेदन लिहिलं, मासोळीचं आणि ओसरीचं. इथं अंगठा. लवकर, ऑटो उभा आहे." लावला. शाई पदराला लागली.

(हे मुक्ता परत आल्यावर लिहिते आहे, शनिवारी.)

१८ जाने., शनिवार

मुक्ता आली. तिचे सर खूश. समितीकडे अर्ज पोचला. तोंडी आठवण आणि दगडावरची खूण, दोन्ही जुळली म्हणाले, असं क्वचित मिळतं. येताना मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेच्या, त्या जुन्या छोट्या आगगाडीच्या, स्टेशनाचे फोटो काढून आली. खुशीत होती की अशी उतरायला सुचतं.

रात्री जेवताना आठवलं, गुरुवारचा कागद मी ऐकलाच नाही. म्हटलं, वाच. तिने फोनवर काढून वाचला. मासोळी बरोबर. चार ठिकाणं बरोबर. मग असं: 'ही ओसरी न्यायालयाच्या मूळ इमारतीसोबतच बांधली गेली, असे मी माझ्या सासऱ्यांकडून ऐकले आहे.'

माझे सासरे तिवशाला शेती करत. जन्मात कोर्टाची पायरी चढले नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मेल्यावर बरोबर साक्षीला उभे केले.

मुक्ता म्हणाली, "सर म्हणाले, ऐकीव माहितीला जुना माणूस लागतो. मग मी... तू बोललीच होतीस ना, एकाच पाथरवटाचे? अर्थ तोच होतो."

मी म्हटलं, भात घे अजून.

१९ जाने., रविवार

भरीत-भाकर. थंडी फार. बाकी काही नाही.

"आजी, इतकंच?"

इतकंच. कागद वाचव.

२० जाने., सोमवार

आज मुक्ता अकोल्याला, आईबापाकडे. उद्या रात्री येईल. आजचं पान वामनरावांच्या हातचं, ओसरीवर बसून. अक्षर थरथरतं आहे, हात थरथरतो, मन नाही असं ते म्हणतात. पहिल्याच ओळीला 'सदरहू ओसरी' लिहिलं. म्हटलं, खोडा. मी सदरहू कधी म्हणाले?

तर ऐका.

माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. तेव्हा अर्जनवीस लिंबाच्या झाडाखाली बसत. ओसरी नव्हती. पाच जण, पाच पेट्या, पाच छत्र्या. बायामाणसं तारखेला येत ती उन्हात उभी. भादव्यात पाणी चार दिवस थांबलं नाही आणि कचेरीच्या मागच्या खजिन्याची भिंत बसली. ती मात्र इंग्रजाच्या काळची, कोर्टाबरोबरची. नवी भिंत विटांची झाली, जुना दगड पडून राहिला. आबांनी साहेबाला तोंडी विचारलं. साहेब म्हणाले, घेऊन जा, रस्ता मोकळा होईल. कागद केला नाही. दुनियेचे कागद करणाऱ्या पाच जणांनी आपलाच कागद केला नाही.

बैलगाडीने दगड आणला. खांब परतवाड्याहून, सागाचे. पाच जणांनी पाच खण. गवंडी म्हातारा होता. मी भाकरी घेऊन जाई, चुन्याला पाणी घाली. एक दगड बसवताना मी म्हटलं, बाबा, याची मासोळी उलटी झाली. तो म्हणाला, "मासोळीले काय माय, उलटी केली तरी पोहते."

म्हणजे ओसरी साठ वर्षांची. दगड जुना, बांधणी आमची.

हे इथवर लिहून वामनरावांनी लेखणी खाली ठेवली.

"वहिनी, मी इथं आलो तुमच्या वीस वर्सं मागून. मले वाटे हे इंग्रजाचंच."

"मीच कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही."

"साठ वर्सात मानूस रिटायर होते. ओसरी जुनी होत नाही?"

"जुनी होते. कोर्टाबरोबरची होत नाही."

"मंग गप राहा ना. तीस तारीख जाऊ द्या."

"गपच होते. दोन दिवस."

त्यांनी मशीनवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे पाडलं त मी कुठं बसू? बायपासले पोट्टे कॉम्प्युटर घेऊन बसून राहिले. मायी मशीन उचलाले दोन मानसं लागतात."  ते खरंच होतं.

तरी त्यांनी हे बोलणंही लिहिलं आणि पान वाचून दाखवलं. दोनदा. नेम त्यांनाही माहीत आहे, आबांकडूनच शिकले. मग म्हणाले, हे पान फाडून देऊ का? म्हटलं, फाडू नका. घरी नेऊन दोन पानं भाताच्या पेजेने चिकटवते. 

वा. दा. अंगठा. काळ्या शाईचा, वामनरावांच्या डबीतला.

२३ जाने., गुरुवार

मुक्ताने विचारलं, वहीची पानं कशी चिकटली? म्हटलं, काही सांडलं असेल. "काय?" "भात." खोटं नाही.

तिने ओसरीचा नकाशा पूर्ण केला. सुंदर आहे. मला नकाशा वाचता येतो, तिलाही नवल वाटलं. रेघा म्हणजे भिंती, त्यात अक्षर कमी. आबांचा खण मी बोटाने दाखवला. खाली तिने साल लिहिलं आहे म्हणाली, कोर्टाचंच. मी बोट उचलून घेतलं.

वामनराव दोन दिवस ओसरीवर आले नाहीत. सर्दी झाली असं कळवलं.

२६ जाने., रविवार

झेंडा यंदा बायपासवर. पण गावाला सवय. सकाळी साडेसातला पंधरावीस म्हातारी माणसं इस्त्रीचे कपडे घालून जुन्या कचेरीसमोर उभी. मीही. समोर रिकामा खांब. कोणी कोणाला विचारेना. शेवटी एका मास्तरांच्या लक्षात आलं, मग ऑटो बघायला पळापळ. मी म्हटलं, जा तुम्ही, झेंडा दिसतच असतो. ओसरीवर बसले. वामनराव तिथेच होते, टोपी घालून. सर्दी बरी दिसली.

मुक्ता फोटो काढत जोत्यापाशी वाकली होती. वाकलेलीच राहिली.

"आजी, इथली मासोळी उलटी काहून आहे?"

वामनराव आभाळाकडे बघायला लागले.

"कोर्टाकडं सगळ्या सुलट्या आहेत. इथं चारातल्या दोन उलट्या, एक आडवी. खूण टाकून दगड बसवला तर अशा कशा..." आणि बोलता बोलता थांबली. हुशार पोरगी आहे. थांबली म्हणजे कळलं.

म्हटलं, "घरी चल. वहीत दोन पानं चिकटली आहेत. त्याले पाण्याचा हात लाव."

तिने ओलं फडकं फिरवून पानं सोडवली. एक कोपरा फाटला. मनात वाचायला लागली. म्हटलं, मोठ्याने. तिने वामनरावांचं पान मला मोठ्याने वाचून दाखवलं, गवंड्याच्या मासोळीपर्यंत आणि पुढे, 'मी कुठं बसू' पर्यंत. तिथे तिने फाटका कोपरा बोटाने जुळवून धरला.

वा. दा. त्या पानाचं तिसऱ्यांदा.

२८ जाने., मंगळवार

काल पान नाही. मुक्ता बोलत नव्हती, म्हणजे लिहीतही नव्हती.

आज चहा घेताना म्हणाली, "तू मले त्या संक्रांतीलाच सांगायचं होतं."

म्हटलं, "हो. माझी चूक. एकाच पाथरवटाचे एवढं खरं बोलले, पुढचं गिळलं. तू गळ्यात पडलीस, मला गोड लागलं. तीळगुळाचा दिवस होता."

"आणि माझी?"

"तू वाचून दाखवलं नाहीस. मी 'वाच' म्हटलं नाही. आबा असते तर दोघींना रांगेत मागे उभं केलं असतं."

हसली नाही. म्हणाली, "मी सासऱ्यांचं मनानं लिहिलं. आता सरांना काय सांगू? माझं वर्ष जाईल, आजी." मग रडली. मोठ्या पोरी रडल्या की घर लहान होतं.

मी विचारलं, खरं सांगितलं तर ओसरी जाईल का? म्हणाली, जाईल बहुतेक. साठ वर्षांच्या ओसरीला कोणी वारसा म्हणत नाही. नाही सांगितलं तर? तर राहीलही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांग. अंगठा तुझा आहे."

म्हटलं, अंगठा माझा, वर्ष तुझं, मशीन वामनरावांची. एकटीने कसं सांगू? उद्या ओसरीवर चल.

वा. दा. अंगठा.

२९ जाने., बुधवार

गेलो. तिघे बसलो.  वामनरावांनी मशीनवरचं कापड काढलं.

"सांगा वहिनी."

"काय?"

"नवीन निवेदन. हस्तलिखित वाचता येत नाही त्या समितीवाल्याहीले. टाइप पाहिजे." कागद चढवला. "'सदरहू' नाही टाकत."

मी सांगत गेले, ते ठोकत गेले. खजिन्याची भिंत, बैलगाडी, पाच खण, साहेबाची तोंडी परवानगी. आधीचा कागद माझा नाही, न ऐकता अंगठा लावला होता. सासऱ्यांचं नाव काढलं. ते सुटले बिचारे.

मधेच मुक्ता म्हणाली, "खांबाचंही लिहा ना. बायांच्या अंगठ्यांचं. नकाशात मी त्याला नुसतं 'सागाचा खांब' लिहिलं आहे."

वामनराव म्हणाले, "खांब काय पुरावा होते का?"

"माहीत नाही काका. पण खरं आहे ना."

टाकलं.

मुक्ताने सरांना फोन केला. बाजूला जाऊन, लिंबाखाली, बराच वेळ. परत आली तेव्हा कान लाल. विचारलं नाही. तिनेच सांगितलं. रागावले. मग म्हणाले, मागे घ्यायचं तर नवा कागद समितीच्या हातात दे, समोरासमोर. वर्षाचं नंतर बघू. 'बघू' म्हणाले, 'गेलं' म्हणाले नाहीत.

वा. दा. अंगठा. (या पानाचा. निवेदनावर अजून नाही. ते उद्या, ज्यांना द्यायचं त्यांच्यासमोर.)

३० जाने., गुरुवार

अकराला म्हणाले, एकला आले. तिघे, गाडीतून. दोन पुरुष थेट कोर्टात शिरले, कमानी बघायला. बाई मागे राहिल्या. पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, शहाणं काम. ओसरीपाशी आल्या. मुक्ताने नमस्कार केला आणि जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. आधीचा अर्ज चुकीचा, चूक माझी, आजीची नाही. हात मागे बांधून. शाळेतल्यासारखी.

बाईंनी टाइप केलेला कागद घेतला. "आजी, हे तुमचं निवेदन?"

म्हटलं, "वाचून दाखवा. मग सांगते."

त्यांनी मुक्ताकडे पाहिलं, वामनरावांकडे पाहिलं. मग चष्मा लावून उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तेव्हा थांबल्या. मासोळीपाशी जरा हसल्या. संपवलं. मी काही म्हणेना तर त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं. हळू. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वामनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"समजलं का, आजी?"

"समजलं."

अंगठा लावला. वामनरावांची काळी शाई. मग सवयीने उठले आणि तिसऱ्या खांबाला पुसला. बाई बघत राहिल्या. खांबाजवळ आल्या, बोट फिरवलं, बोट काळं झालं नाही. इतक्या वर्षांचं आहे ते, आता लाकूडच झालं आहे.

"मला वाटलं ग्रीस असेल," म्हणाल्या. "गाडीतून दिसलं तेव्हा."

आणखी काही बोलतील वाटलं. तेवढ्यात आतून त्यांना हाक आली. कागद घडी न करता फायलीत ठेवला, तेवढं मी पाहिलं. जाताना म्हणाल्या, "कळवू." कोर्टातही असंच म्हणत. कधी महिन्यात कळे, कधी नातवाला कळे.

गाडी गेली. वामनरावांनी मशीनवर कापड घातलं, परत काढलं. चार वाजेपर्यंत बसायचं म्हणाले, कोणी आलं तर.

मुक्ता खांबापाशी गेली. "आजी, तुझा हक्कसोडाचा अंगठा कुठं होता?" मी दाखवला. माझ्या आत्ताच्या ओल्या अंगठ्याच्या वीतभर वर. आता तिथे हात पोचतो, पण पुसायला आपोआप जात नाही. मी वाकले आहे, खांब तसाच आहे.

तिने फीत काढली. दोन अंगठ्यांमधलं अंतर मोजलं आणि नकाशा उघडून 'सागाचा खांब' खोडलं, त्या शेजारी काहीतरी बारीक लिहिलं. खाली जिथे कोर्टाचं साल होतं तिथेही रेघ मारली.

काय लिहिलंस, म्हटलं.

तिने वाचून दाखवलं.